घसारा आणि झळाळी

व्यापाऱ्याच्या वहीत मोटार दरवर्षी थोडी थोडी झिजत असते. घटत्या मूल्यावर 15 टक्के घसारा धरला, तर एक लाखाची गाडी दहा वर्षांनी वहीत वीस हजारांच्याही किंचित खाली येते. हा घसारा कागदावरचा. दारात उभ्या असलेल्या गाडीच्या रंगाचा घसारा मात्र प्रत्यक्षातला असतो आणि त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

उपनगरांतील जुन्या सोसायट्यांत आजही एखादी प्रीमियर पद्मिनी कापडी आवरणाखाली जपलेली दिसते. या गाडीचे माहेर दूर नाही. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात 1882 साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडल्या. फियाटच्या आराखड्यावर बनलेल्या गाडीला 1974 मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव येथे नोंदली गेली. टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मर्यादा संपताच, 2023 च्या ऑक्टोबरअखेर, ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. उरल्या त्या घरोघरच्या गाड्या.

घाटकोपर पूर्वेतील एका धान्य व्यापारी कुटुंबाकडे अशीच एक फिकट निळी पद्मिनी आहे. आजोबांनी ती ऐंशीच्या दशकात घेतली. दिवाळीच्या साफसफाईत नातवाने तिचा रंग उजळण्याचे मनावर घेतले आणि भाड्याने पॉलिशचे फिरते यंत्र आणले. बोनटच्या मध्यावर पहिलाच पट्टा आरशासारखा चमकला. उत्साहाने यंत्र कडेच्या उंचवट्यावर गेले आणि क्षणात तेथे प्रायमरची करडी रेघ उघडी पडली. आजोबांनी तिच्यावरून बोट फिरवले आणि एवढेच म्हणाले, “बाळा, ही चमक बाहेरून आलेली नाही. गाडीच्याच रंगातून काढलेली आहे. मुद्दल मोडून व्याज दाखवावे, तसे झाले.”

आजोबांचे म्हणणे शब्दशः खरे होते. गाडीवरील प्रायमरसह सर्व थरांची जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे एक-दोन केसांएवढी असते. उन्हातील अतिनील किरणांनी वरच्या थरातील राळेचा बंध तुटतो, रंगकण सुटे होतात आणि पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका दिसू लागतो. कंपाउंड हा मृत थर घासून काढते आणि खालचा सशक्त रंग वर येतो. म्हणून प्रत्येक झळाळी हा एक घसाराच आहे. उंचवट्यावर आणि कडांवर रंग मुळातच पातळ असल्याने तेथील शिल्लक सर्वांत आधी संपते.

गाडीवर कोणता रंग आहे, हे प्रथम पाहावे. पांढऱ्या कापडावर थोडे पॉलिश घेऊन आडोशाच्या जागी हलके चोळावे. कापडाला गाडीचा रंग लागला, तर तो एकथरी रंग. जुन्या, साध्या रंगाच्या गाड्यांवर बहुधा हाच असतो आणि तो पुष्कळसा उजळतो. कापड रंगले नाही, तर वर पारदर्शक लॅकरचा थर आहे. हा थर पापुद्र्यासारखा सुटू लागला असेल, तर कितीही घासले तरी उपयोग नाही. तेथे पुन्हा रंगकामच करावे लागते.

काम सावलीत आणि पत्रा थंड असताना करावे. धुण्यासाठी दोन बादल्या घ्याव्यात, एकीत साबणाचे पाणी आणि दुसरीत कापड खळबळण्यासाठी स्वच्छ पाणी. टँकरचे किंवा बोअरवेलचे जड पाणी वाळू दिल्यास पांढरे डाग राहतात, म्हणून लगेच टिपावे. मग हातावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवून पृष्ठभागावरून फिरवावी. खरखर लागली, तर शेजारच्या पुनर्विकासाची सिमेंटची धूळ किंवा झाडाचा चीक रंगाला चिकटला आहे. क्लेचा मऊ गोळा साबणाच्या पाण्यावर हलक्या हाताने फिरवला की तो निघतो.

त्यानंतर फूटभर चौरस जागेवर प्रयोग करावा. आधी सर्वांत सौम्य पॉलिश, तेही हाताने. त्याने भागले, तर कंपाउंडचा डबा उघडूच नये. कडा आणि उंचवटे चिकटपट्टीने झाकावेत. वॉटर पेपरच्या वाटेला घरी जाऊ नये. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते आणि कोरडे घासल्यास त्याची धूळ श्वासात जाते. दरवाजाच्या तळाशी किंवा चाकांवरील कमानीत रंग फुगला असेल, तर आत गंज आहे. तो पॉलिशने झाकला जातो, बरा होत नाही. तेवढ्या भागाचे काम कारागिरावर सोपवावे.

शेवटी वॅक्सचा अगदी पातळ हात द्यावा. आपल्या घरांत येथे एक प्रश्न उद्भवतो. पुष्कळ वॅक्समध्ये मधमाश्यांचे मेण असते आणि चमक आणण्याची काही पॅड मेंढीच्या लोकरीची असतात. ज्यांना ते नको, त्यांनी डब्यावरील घटक वाचून ब्राझीलमधील ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण किंवा कृत्रिम सीलंट निवडावे आणि मायक्रोफायबरचे कापड वापरावे. काम तितकेच चांगले होते.

खरे नुकसान मात्र रोज सकाळी होत असते. एका बादलीत आणि एका फडक्यात दहा गाड्या पुसल्या की पहिल्या गाडीची रेती दहावीवर बारीक चरे पाडते. गाडी पुसणाऱ्यास आपल्या गाडीपुरती दोन स्वच्छ कापडे दिली, तर तो खर्च कोणत्याही पॉलिशपेक्षा स्वस्त पडतो.

“त्यापेक्षा नवा रंगच मारून घ्या,” असा सल्ला सहज मिळतो. रंग बदलायचा असल्यास त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते, हे ध्यानात ठेवावे. शिवाय जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. ती रोजच्या वापरासाठी नसते, परंतु 1974 ची पद्मिनी आता त्या वयात आली आहे. कारखान्यातून आलेला रंग एकदा खरवडला की पुन्हा मिळत नाही. जुन्या गाडीची पारख असणारा म्हणूनच आधी तो पाहतो.

घाटकोपरच्या त्या घरी यंत्र दुसऱ्याच दिवशी परत गेले. पुढचे चार रविवार नातू आणि आजोबा हाताने काम करत राहिले. आजोबा खुर्चीत बसून कोणत्या जागी हात थांबवायचा ते सांगत. गाडी नवी दिसत नाही, पण निळी दिसते. करड्या रेघेवर नातवाने बारीक कुंचल्याने रंग भरला. जवळून पाहिले तर ती अजून दिसते आणि आजोबांनी ती तशीच राहू दिली आहे.