पुंडलिक आणि ब्यूरोच्या मावशी

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघानं या आठवड्यात एका बाईंचा ‘सेवाव्रती’ म्हणून सत्कार केला. स्मृतिभ्रंश झालेल्या सासूबाईंचं सगळं त्या एकट्या करतात. अध्यक्षांनी श्रावणबाळापासून सुरुवात केली. ते पुंडलिकापाशी पोचेपर्यंत बाईंचा फोन दोनदा वाजला होता. तिसऱ्यांदा वाजल्यावर त्या उठल्या, नारळ पिशवीत कोंबला आणि निघाल्याच. अध्यक्ष म्हणाले, “पाहा, ही तळमळ!”

तळमळ कसली, तेवढ्या वेळापुरत्या सासूबाईंपाशी बसवलेल्या मावशींची कसारा लोकल होती! पुंडलिकानं साक्षात विठ्ठलाला विटेवर थांबवलं, पण पेशंट सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्यूरोच्या मावशी आठनंतर थांबत नाहीत. का थांबावं? त्यांनाही घरी पोरं आहेत.

ब्यूरोचं निघालंच आहे, तर थोडं सांगतोच. वडिलांच्या आजारपणात मी या मंडळींशी जवळजवळ संसार केला. आधी नोंदणीचे पैसे, मग बारा तासांची पाळी, मग अटी: पेशंटला पुसून घेऊ, चादर धुणार नाही, चहा दोनदा, पण ‘तुमच्यासारखा फिक्का नको’. गणपतीत मावशी गावी गेल्या, तेव्हा ब्यूरोनं बदली पाठवली. वडिलांच्या नाकातली नळी बघून तिनंच डोळे मिटले. पातळ पेज गाळून, कोमट करून, नळीतून हळूहळू कशी सोडायची हे मी तिला शिकवलं, आणि दिवसाचे पैसेही मीच दिले! ब्यूरोनं कमिशन कापलं ते वेगळंच.

आता सरकारचं. राष्ट्रीय न्यासाची ‘समर्थ’ योजना आहे. माणसाला काही दिवस ठेवून घेण्याची सोय तिच्यात आहे. पण न्यासाचा १९९९ चा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांपुरता. विसरभोळी सासू त्यात बसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये काळजीवाहकासाठी भत्ता लिहिलाय, तोही सरकारच्या ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. म्हणजे मर्यादा सरकारच्या क्षमतेला. सुनेची क्षमता अमर्याद!

शिवाय २००७ चा ज्येष्ठांचा कायदा आहेच. सांभाळण्याची जबाबदारी ज्याची, त्यानं आईबापाला टाकून दिलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बरोबरच आहे. पण टाकायचं नाहीये हो, भाचीच्या लग्नाला नाशिकला जायचंय, चार दिवस कुठं ठेवू, असं विचारणाऱ्या बाईला हा कायदा काहीच सांगत नाही. खासगी वृद्धाश्रम ठेवून घेतात, पण दर ऐकून लग्नाचा आहेर रद्द करावा लागतो.

भत्ता मिळेल तेव्हा मिळो. पालिकेच्या दवाखान्यांत प्रत्येक वॉर्डात दहा खाटा फक्त अशा पेशंटच्या आठ-पंधरा दिवसांच्या मुक्कामासाठी राखून ठेवा, खर्च पालिकेनं करावा, असं पत्र मी आमच्या नगरसेवकांना टाकलंय. बजेट ठरण्याआधी तुम्हीही टाका.