बाहुलीचे केस काळे करताना

बाजारात पिवळ्या केसांच्याच बाहुल्या पुष्कळ. आपल्या मुलीला तिच्यासारख्या काळ्या केसांची बाहुली हवी असेल, तर भगिनींनो, केसांचा टोप काढून घरीच रंगवावा. पिवळ्यावर नुसता निळा चढवला की केस हिरवे दिसतात. वरचा रंग खालच्याला झाकत नाही, त्यात मिसळतो. म्हणून आधी तांबडा देऊन नारिंगी करावेत, मग निळा; तिन्ही मिळून तपकिरी होतो. त्यावर काळा द्यावा. नायलॉनचे केस लोकर रंगवायचा रंग घेतात, गरम पाण्यात थोडे व्हिनेगर घालून. दुसऱ्या जातीचे बहुधा घेत नाहीत, म्हणून आधी एक बट रंगवून पाहावी. पाणी उकळू देऊ नये, केस आखडतात. आणि ते पातेले पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये, हे आम्ही बजावून सांगतो.