एम.एस्सी. कुठे करावी?

मुलामुलींनो, रोगी औषधाने बरे होतात की आपोआप, हे आकड्यांवरून तपासणारे शास्त्र म्हणजे जीवसांख्यिकी. त्याची एम.एस्सी. मुंबईला देवनार येथे, १९५६ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत करता येते. जमले तर जरूर जा. पण मुंबई दूर म्हणून मुलीचे शिक्षण बी.एस्सी.वरच थांबवावे, हे मला पटत नाही. १९९० पासून जळगावला आपले विद्यापीठ आहे. आता त्याला बहिणाबाईंचे नाव आहे. तेथे संख्याशास्त्रात एम.एस्सी. होते, आणि जीवसांख्यिकीचा पाया तोच. धुळ्याहून तर एस.टी.ने जाता येते! अब्बांना हे सांगा. नुसत्या शहराच्या नावाला भुलू नका. अभ्यासक्रम मागवून वाचा, वसतिगृहाचा खर्च विचारा. मात्र गणित आतापासून सोडू नका.