निमंत्रण आणि नियम

अंजनगाव सुर्जीच्या पेठेतील जैन घरी पाहुणा जेवावयास यावयाचा असला, की गृहिणी आदल्या दिवशीच विचारून घेते : "उद्या काही त्याग, काही नियम आहे का?" पाहुणाही संकोच न करता सांगतो, आणि पान वाढल्यावर कोणाचीच अडचण होत नाही. त्याच घरातील तरुण व्यापारानिमित्त माद्रिदला किंवा मेक्सिकोला गेला, तर हा प्रश्न तेथे बहुधा कोणी विचारीत नाही. सांगण्याची जबाबदारी पाहुण्यावर येते, आणि ती निमंत्रण स्वीकारतानाच पार पाडावी लागते. ताटावर बसून दिलेला नकार यजमानाच्या वर्मी लागतो.

स्वीकाराचे शब्द सोपे आहेत. "मुचास ग्रासियास पोर ला इन्व्हितासिओन", म्हणजे निमंत्रणाबद्दल अनेक आभार. प्रथम भेटीत पुरुषाने "एन्कान्तादो" व स्त्रीने "एन्कान्तादा" म्हणावे. भेटून आनंद झाला, असा त्याचा अर्थ. वडीलधाऱ्यांशी बोलताना 'उस्तेद' वापरावे. 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या आदरार्थी संबोधनाचे ते झिजलेले रूप. 'तू' मात्र स्पॅनिशमध्येही 'तू'च आहे; वडीलधाऱ्यांनी स्वतः सुचविल्यावाचून ते तोंडी आणू नये. मेक्सिकोतील यजमान तर सौजन्याने स्वतःच्याच घराला "सू कासा", आपले घर, म्हणतो. तेव्हा "उद्या आपल्या घरी भेटू" हे ऐकून पाहुण्याने आपल्याच खोलीवर वाट पाहत बसू नये!

खरी कसोटी ताटाची. नुसते "शाकाहारी आहे" म्हणून भागत नाही. स्पेनमध्ये भाजीतही 'हामोन', म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे, घालण्याची रीत आहे. अंडी तर पुष्कळांच्या लेखी शाकाहारच. म्हणून नेमके बोलावे : "नो कोमो कार्ने, नि पेस्कादो, नि उएबोस". मांस, मासे, अंडी मी खात नाही. त्यालाच "नि सेबोया, नि आहो" जोडावे. सेबोया म्हणजे कांदा आणि आहो म्हणजे लसूण. घरोघरी 'अहो' ही हाक ऐकणाऱ्यांना हा शब्द विसरणे कठीणच. बटाटा स्पेनमध्ये 'पताता', मेक्सिकोत 'पापा'. सर्वांत फसवा शब्द 'तोर्तिया' : मेक्सिकोत ती मक्याची पोळी, स्पेनमध्ये अंडी-बटाट्याचे जाड धिरडे. मक्याच्या पोळीसोबत येणाऱ्या घेवड्याच्या उसळीत 'मान्तेका', म्हणजे डुकराची चरबी, आहे का, हेही विचारावे.

वेळेचा प्रश्न याहून बिकट. स्पेनमध्ये रात्रीचे जेवण नऊ-दहाला असते. चौविहार पाळणाऱ्याने तेथे काय करावे? सुदैवाने त्या देशात मुख्य जेवण दुपारी दोन-तीनच्या सुमाराचे. "पोर मि रेलिहिओन, नो कोमो दे नोचे", म्हणजे धर्मानुसार मी रात्री जेवत नाही, एवढे सांगून लगेच विचारावे : "पोद्रिया सेर आ मेदिओदिया?" दुपारी जमेल का?

दुपारच्या निमंत्रणास मात्र सवडीने जावे. जेवण आटोपताच उठणे तेथे शिष्टसंमत नाही. हात पुसून झाल्यावरही मंडळी टेबलाभोवती तासतासभर बोलत बसतात. या बैठकीला 'सोब्रेमेसा' असे स्वतंत्र नाव आहे. ताटातील निम्मे पदार्थ ज्याने नाकारले, त्याने येथे घड्याळाकडे पाहू नये.