पुरवठा साखळी: ज्याला थांबता येत नाही त्याच्या बाजूने

निफाड तालुक्यातील आपल्या एका जुन्या कार्यकर्त्याचा मुलगा नाशकातील महाविद्यालयात बी.बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी मुक्कामाला असताना त्याची वही चाळण्याचा योग आला. विषय होता 'सप्लाय चेन मॅनेजमेंट', म्हणजे पुरवठा साखळीचे व्यवस्थापन. टोयोटाच्या कारखान्यात सुटे भाग नेमके लागतील तेव्हाच कसे आणले जातात, गोदामात किती माल ठेवला असता खर्च कमीत कमी येतो, एका गाडीने किती दुकानांना कोणत्या क्रमाने माल पोचवावा, हे सारे त्याने आकृत्या काढून सुवाच्य अक्षरांत लिहिले होते. घरापासून वीस पावलांवर त्याच्या वडिलांची कांद्याची चाळ उभी होती. मी त्याला विचारले, "या चाळीतला कांदा आज विकावा की श्रावणापर्यंत ठेवावा, हे तुझ्या गणिताने सांगता येईल का?" तो क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, "काका, हे परीक्षेला नसते."

या उत्तरात उद्धटपणा नव्हता. त्याने खरे तेच सांगितले. मात्र ज्या शिक्षणाने त्याच्या तोंडी हे उत्तर घातले, त्या शिक्षणाचा विचार आपण करावयास हवा.

हा विषय आज झपाट्याने रुजतो आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर केले. २०२४-२५ पासून बी.बी.ए.सारखे पदवी अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्या प्रवेशासाठी सामायिक परीक्षा सुरू झाली. या विषयासाठी नाशिकइतके योग्य गाव शोधूनही सापडणार नाही. सातपूर-अंबडचे कारखाने, ओझरचा विमान कारखाना, दिंडोरी-निफाडची द्राक्षे, लासलगावची कांद्याची बाजारपेठ, आणि या सर्वांना भिवंडीच्या गोदामांशी व न्हावाशेवा बंदराशी जोडणारा मुंबई-आग्रा रस्ता. पाठ्यपुस्तकातील प्रत्येक प्रकरण या रस्त्यावर उघड्या डोळ्यांनी पाहावयास मिळते.

आपल्यापैकी पुष्कळांची पहिली प्रतिक्रिया अशी असते की, हे भांडवलदारांचे शास्त्र आहे, त्याच्याशी आपल्याला काय कर्तव्य? ही प्रतिक्रिया मला चुकीची वाटते. जमाखर्चाचे शास्त्र सावकाराच्या हाती होते म्हणून कुळाने हिशेब शिकू नये, असे आपण कधी म्हटले नाही. उलट, महात्मा फुल्यांपासून आपण हेच सांगत आलो की विद्या ज्यांच्या हाती, लूटही त्यांच्याच हाती. पुरवठा साखळीचे शास्त्र हा आजच्या बाजाराचा जमाखर्च आहे. तो वाचता न येणारी चळवळ हमीभावाची घोषणा देऊ शकेल, पण भाव नेमका कोठे गळतो ते दाखवू शकणार नाही.

या शास्त्रातील एक सिद्धान्त तर आपल्या उपयोगाचाच आहे. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत जे फॉरेस्टर यांनी १९६१ साली औद्योगिक व्यवहारांच्या चढउतारांवर ग्रंथ लिहिला. त्याच विचारातून तेथे एक खेळ तयार झाला. तो आजही जगभर या विषयाच्या वर्गात खेळला जातो. त्यात चार खेळाडू असतात: किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखानदार. प्रत्येकाला फक्त आपल्या शेजाऱ्याची मागणी दिसते, आणि मागवलेला माल काही आठवड्यांनी मिळतो. गिऱ्हाइकाची मागणी थोडीशी वाढते. परंतु ती मागे सरकत कारखान्यापर्यंत जाते तेव्हा तिच्या प्रचंड लाटा झालेल्या असतात. कधी माल पुरत नाही, कधी गोदामे ओसंडतात. खेळाडू एकमेकांना दोष देतात. वस्तुतः दोष कोणा एकाचा नसतो. तो माहिती दडल्याचा आणि विलंबाचा असतो. या परिणामाला इंग्रजीत आसुडाचे नाव आहे. मनगट जरासे हलते आणि टोक सपकन फिरते. फुल्यांनी १८८३ साली आपल्या ग्रंथाला 'शेतकऱ्याचा असूड' हे नाव दिले, ते या शास्त्राच्या जन्माच्या किती तरी आधी. येथे मात्र असूड शेतकऱ्याच्या हाती नाही, त्याच्या पाठीवर आहे.

कांद्याचेच पाहा. उन्हाळ कांद्याचे रोप पावसाळा सरता सरता टाकावे लागते, लागवड डिसेंबर-जानेवारीत होते आणि काढणी मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे भाव कळण्याच्या पाच-सहा महिने आधी शेतकऱ्याने निर्णय केलेला असतो. आता दिल्लीचे मनगट कसे हलले ते पाहू. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी आली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, परंतु टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले व शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही शून्य झाले. दोन वर्षांच्या आत पाच वळणे! ज्या पिकाला रोपापासून बाजारापर्यंत सहा महिने लागतात, त्याच्या बाबतीत असे धोरण म्हणजे त्या खेळातील चुकीचा प्रत्यक्ष प्रयोग होय. शहरातील गिऱ्हाइकाला कांदा रास्त भावाने मिळावा ही मागणी आपलीही आहे. परंतु त्या स्वस्ताईचा सारा भार एकट्या उत्पादकाने सोसावा, हे समाजवादी तर सोडाच, साध्या व्यवस्थापनाच्या बुद्धीलाही पटणारे नाही.

आता त्या चार खेळाडूंकडे पुन्हा पाहा. त्यांत शेतकरी नाही. हमाल नाही. खळ्यावर दिवसभर बसून कांद्याची प्रतवारी करणारी बाई नाही. रात्रभर ट्रक चालवून पहाटे वाशीला पोचणारा ड्रायव्हर नाही. पाठ्यपुस्तकात ही माणसे येतात ती 'हाताळणी खर्च' आणि 'वाहतूक खर्च' या दोन ओळींत, आणि तेही हा खर्च कमी कसा करावा एवढ्याच प्रश्नापुरती. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२४ मधील एका अभ्यासनिबंधाचा अंदाज असा की, ग्राहक कांद्यासाठी जो रुपया मोजतो त्यातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याच्या वाट्याला येतात. उरलेल्या ६४ पैशांत हमाल, ड्रायव्हर आणि खळ्यावरची बाई यांच्या हाती किती पडतात, हा प्रश्न परीक्षेत विचारला गेल्याचे मी ऐकलेले नाही.

तो विचारला गेला असता तर एक गोष्ट ध्यानात आली असती. या साखळीत नफा मुख्यतः श्रम करणाराकडे जात नाही, तसा तो केवळ हुशाराकडेही जात नाही. ज्याला थांबता येते त्याच्याकडे तो जातो. व्यापाऱ्याला थांबता येते, कारण त्याच्यापाशी खेळते भांडवल आहे. सरकारलाही थांबता येते. २०२३-२४ साली राखीव साठ्याचे उद्दिष्ट ३ लाख टनांवरून ५ लाख टनांवर नेण्यात आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या साठ्यातील सुमारे १,६०० टन कांदा खास मालगाडीने नाशिक जिल्ह्यातून दिल्लीला गेला. चाळीतला शेतकरी मात्र थांबू शकत नाही. दर आठवड्याला वजन घटते, कांदा सडतो, कोंब फुटतात, आणि त्याआधीच खरिपाचे बियाणे व सोसायटीचा हप्ता दारात उभा राहतो. रोजंदारीवरचा हमाल तर एक दिवसही थांबू शकत नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये हमाली-तोलाईच्या कपातीच्या वादातून जिल्ह्यातील अनेक बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव बंद पडले. तेव्हा शेतकरी आणि हमाल एकमेकांचे शत्रू असल्यासारखे चित्र उभे राहिले. खरे पाहता, साखळीतील न थांबू शकणारे हे दोघे एकाच बाजूचे आहेत.

महाराष्ट्राने हे सत्य पूर्वी ओळखले होते. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने उघड लिलाव व चोख माप यांची हमी दिली. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला मंडळाचे संरक्षण, भविष्यनिर्वाह निधी आणि माणूस म्हणून ओळख दिली. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांचे लढे होते, आणि पुण्यात बाबा आढाव यांनी उभारलेल्या हमाल पंचायतीने तीच वाट चोखाळली. हे दोन्ही कायदे पुरवठा साखळीचेच कायदे आहेत. त्यांत पुष्कळ दोष शिरले, काही ठिकाणी ते मूठभरांचे कुरण झाले, हे आपण कबूल करावयास हवे. परंतु दोष दूर करणे निराळे आणि कायदाच नाहीसा करणे निराळे, एवढा विवेक तरी विद्यार्थ्यापाशी यावा. व्यवसायशिक्षण घेणाऱ्याला या कायद्यांची नावेही ठाऊक नसणे ही उणीव त्याची नव्हे, अभ्यासक्रमाची आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. मुले नोकरीसाठी शिकतात. उद्योगांना जे हवे ते महाविद्यालयाने शिकवले तर बिघडले कोठे? ज्याच्या बापाने फी भरण्यासाठी कांदा पडत्या भावात काढला, त्या मुलाला नोकरीचा मोह सोड असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण नोकरीच्या नावाने काय घडू शकते तेही पाहू. पदवीबरोबरच उमेदवारी करावयाची, अशी योजना आता या अभ्यासक्रमांत आली आहे. कल्पना म्हणून ती वाईट नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा व शिका' योजना आपल्याला परकी नाही. तिच्यात श्रम शिक्षणासाठी होते. गोदामातील उमेदवार जर वर्षभर केवळ खोकी मोजणार असेल, कायम कामगाराच्या जागी अल्प विद्यावेतनावर राबणार असेल, तर तेथे शिक्षण श्रमासाठी निमित्तमात्र उरते. आणि पदवी हाती पडेपर्यंत त्यालाही थांबता येत नाही, तक्रारही करता येत नाही. म्हणजे साखळीचा विद्यार्थी साखळीच्या त्याच टोकाला जाऊन बसतो, जेथे त्याचा बाप आहे.

म्हणून नाशिकच्या कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी हाती घ्याव्यात असे सुचवावेसे वाटते. पहिली, विद्यापीठाच्या अभ्यासमंडळापुढे मागणी मांडावी की, या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक हंगाम जिल्ह्यातील एका बाजार समितीत काढावा आणि एका ट्रॉलीचा हिशेब शेतापासून शहरातील गिऱ्हाइकापर्यंत मांडावा. त्यात घट, हमाली, भाडे यांबरोबरच पैसे किती दिवसांनी हाती पडले हेही नोंदवावे. दुसरी, उमेदवारीच्या करारात कामाचे तास, विद्यावेतन आणि प्रत्यक्ष शिकवण्याचे विषय लेखी असावेत, यासाठी विद्यार्थी संघटना व कामगार संघटना यांनी एकत्र यावे. तिसरी गोष्ट थांबण्याच्या ताकदीची. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. परंतु ती धान्य-कडधान्यांसारख्या टिकणाऱ्या मालाभोवती बेतलेली आहे. कोंब रोखण्यासाठी कांद्यावर किरणांचा प्रयोग करणारे भाभा अणुसंशोधन केंद्राचे 'कृषक' केंद्र २००२ पासून लासलगावीच आहे. चाळ, विज्ञान आणि सहकारी पतपुरवठा यांची सांगड घालून लहान शेतकऱ्याला दोन महिने थांबता येईल अशी व्यवस्था कशी बेतावी, हा व्यवस्थापनाचाच प्रश्न आहे. तो या मुलामुलींच्या बुद्धीला आव्हान देणारा आहे.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मुलाने वही पुन्हा उघडली. वडील सांगत गेले आणि तो मांडत गेला: चाळीत किती क्विंटल, महिन्याला घट किती, आजचा भाव काय, श्रावणातला अंदाज काय. गणिताचे उत्तर आले, "थांबावे." वडिलांनी ते ऐकून घेतले. सोमवारी ट्रॉली बाजारात न्यायची असे त्यांचे आधीच ठरले होते, कारण मंगळवारी सोसायटीचा हप्ता होता. मुलगा बराच वेळ आकडे पाहत राहिला. मग त्याने उत्तराखाली लिहिले: "हप्ता धरलेला नाही." तीन वर्षांत त्याला कोणी न शिकवलेला धडा त्या तीन शब्दांत होता, आणि तो अभ्यासक्रमात आणण्याचे काम आपले आहे.