बरोबरीच्या चिन्हावर झालेला अन्याय 🧵

१/ इ.स. १५५७. 'च्या बरोबर आहे' हे शब्द पुनःपुन्हा लिहिण्याचा कंटाळा येऊन रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श वैद्य-गणितीने समान लांबीच्या दोन समांतर रेघा ओढल्या. यांहून अधिक समान दुसरे काय असणार, हा त्याचा युक्तिवाद. आपला अर्थ स्वतःच सांगणारे हे चिन्ह : =

२/ बरोबर चारशे वर्षांनी, १९५७ साली, आयबीएमच्या फोरट्रानने तेच चिन्ह 'उजवीकडचे मूल्य डावीकडच्या चलात ठेव' या आज्ञेसाठी घेतले. 'क्ष = क्ष + १' हे गणितातले असत्य संगणकाचे नित्यकर्म झाले. तरीही तिथे तुलनेची रचना अगदी निराळी होती. गफलतीला वाव नव्हता.

३/ १९५८च्या अल्गोलने हा तिढाही सोडवला : मूल्य ठेवण्यासाठी := आणि तुलनेसाठी =. पास्कलने तीच वाट धरली. एपीएलने बाण निवडला. म्हणजे योग्य उत्तर तेव्हाच ठाऊक होते. पुढची चूक अज्ञानातून झालेली नाही.

४/ केन थॉम्प्सनने बी भाषेत = मूल्य ठेवण्याला दिले आणि तुलनेच्या वाट्याला == आले. सी भाषेने तेच उचलले. समर्थन असे की, मूल्य ठेवण्याची आज्ञा तुलनेच्या सुमारे दुप्पट वेळा येते, म्हणून तिचे चिन्ह निम्मे असावे.

५/ टेलिटाइप संथ होते, स्मृती तुटपुंजी होती, हे मान्य. पण आज्ञावली लिहिली जाते एकदा, वाचली जाते अनेकदा. अक्षर वाचले लिहिणाऱ्याचे, भुर्दंड वाचणाऱ्याला. त्यातही सी भाषेत अटीच्या आतही मूल्य ठेवता येते. एक रेघजोडी गळाली, की प्रश्नाची आज्ञा होते आणि भाषेच्या नियमांना त्यात काहीच वावगे वाटत नाही.

६/ नोव्हेंबर २००३. लिनक्सच्या गाभ्याच्या एका प्रतीत अज्ञात घुसखोराने दोन ओळी घुसवल्या. वरवर पाहता 'वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का?' अशी तपासणी; प्रत्यक्षात एकच =, म्हणजे क्रमांक शून्य करून सर्वाधिकार बहाल! संशय आला तो चिन्हामुळे नव्हे. त्या बदलाची मूळ भांडारात नोंदच नव्हती, म्हणून.

७/ वारसदारांनी ही चूक आपापल्या परीने निस्तरली. जावाने अटीत सत्यासत्य मूल्यच हवे असा दंडक घातला. पायथॉनने अटीतले = नाकारले आणि २०१९ साली त्या कामासाठी := आणले. अल्गोलचेच चिन्ह, एकसष्ट वर्षांनी!

८/ 'सवयीने सारे अंगवळणी पडते' हा बचाव लंगडा आहे. सवय माणसाला लागते; चूकही माणसाच्याच हातून होते. चिन्हाची लांबी मोजणाऱ्यांनी त्याची किंमत मोजली नाही. ती अजून फेडली जात आहे.