बेटावरची कोरडी पोरं

मुंबई हे बेट आहे हे आपण शाळेत शिकलो. सात बेटं, मधे भराव, झालं एक शहर! दोन मार्क मिळाले, विषय संपला. (बोरिवलीकरांनी हसू नये, साष्टी हेही बेटच.) पण बेटावरच्या पोरांना आपण पाण्याबद्दल शिकवतो काय? एकच वाक्य: "पाण्याजवळ जायचं नाही हं!"

याला शिक्षण म्हणत नाहीत, धाक म्हणतात. आणि धाकाने पोरं किनाऱ्यावर जायची थांबत नाहीत. जून २०२३ मध्ये, बिपरजॉय वादळाच्या दिवसांत, जुहूला चार मुलं बुडाली. उधाण कधी असतं, ओहोटीला पाणी आत कसं ओढतं, बुडणाऱ्यामागे स्वतः उडी न मारता दोर किंवा रिकामा कॅन का फेकायचा... यातलं काही तुमच्या शाळेत शिकवलं होतं? माझ्या तरी नाही.

आता कुणीतरी म्हणणारच, "जागा कुठाय? प्रत्येक शाळेत पूल बांधणार का?" नका बांधू! बांगलादेशात गावच्या तळ्यातच बांबूचे कठडे बांधून हजारो मुलांना पोहायला शिकवलं. जपानमध्ये १९५५ साली 'शिउन मारू' ही फेरीबोट बुडाली. १६८ माणसं गेली, त्यात सहलीला निघालेली कितीतरी शाळकरी मुलं. त्यानंतर तिथे शाळाशाळांतून पोहण्याचं शिक्षण रुजलं. अंगावरच्या कपड्यांनिशी मुलांना पाण्यात उतरवून शिकवतात: धडपडू नका, पाठीवर तरंगा, मदतीची वाट बघा. बस्स, एवढंच.

आणि आपण? १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेली 'नीलकमल' नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून बुडाली, १५ जण गेले. मग लाइफ जॅकेटची सक्ती झाली. चांगलंच झालं. पण माझ्या ओळखीतल्या एकाही शाळेच्या वेळापत्रकात पाण्याचा तास काही आला नाही.

दुसरा मुद्दा समुद्र जपण्याचा. पर्यावरण दिनाला चार्ट पेपरवर डॉल्फिन रंगवून ते होत नाही. ज्याला आपण फक्त घाबरतो, नाहीतर ज्याच्याकडे पाठ करून भेळ खातो, त्याची काळजी वाटणार कशी? हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळ आहेत, हे आपल्यातल्या कितीतरी जणांना कळलं ते २०२० मध्ये, कोस्टल रोडसाठी ते हलवावे लागले तेव्हा! कोळीवाड्यातल्या पोराला विचारा, पावसाळ्यात मासेमारी बंद का असते. ते सांगेल, मासळी अंडी घालते म्हणून. हे ज्ञान शाळेत आणा की. कोळी मंडळींना रीतसर मानधन देऊन शिकवायला बोलवा. ओहोटीची वेळ बघून वर्ग खडकांवर न्या. ज्या पोराने तिथे खेकडा बिळात शिरताना पाहिलाय, ते त्याच खडकांत वेफर्सचं पाकीट टाकताना निदान एकदा तरी थांबेल.

आपण लोक सातव्या वर्षी पोरांना कोडिंगला घालतो. माझं पोट त्यावरच चालतं, तरी सांगतो: प्रोग्रॅम चुकला तर पुन्हा रन करता येतो. पाण्यात ती सोय नाही.

तेव्हा पुढच्या पालकसभेत रोबोटिक्स लॅबची चौकशी करून झाली की एवढंच विचारा, "पोर पाण्यात पडलं तर त्याला दोन मिनिटं तरंगता येईल का?" उत्तर मिळालं नाही, तर फी भरायच्या आधी पुन्हा विचारा.